हिप्परगा तलावावर सागरी सुरय: ओळख आणि नोंद यांसाठी मदत हवी

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे क्षेत्र गेल्या आठवड्यात तेलंगण ओलांडून आपल्याकडे सरकले आणि सोलापुरात पावसापेक्षाही वाऱ्यानेच जास्त थैमान घातले. वारा पडल्यावर सकाळी मी तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावाच्या भिंतीवर उभा होतो. नेहमीचे नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत होते आणि त्यांच्यातच एक निराळा पक्षी होता: वरची बाजू जवळजवळ काळपट, पोट पांढरे शुभ्र, कपाळ पांढरे, चोच काळी, शेपटी खोलवर दुभंगलेली. काही वेळाने तो मासेमारांच्या जाळ्याला बांधलेल्या थर्माकोलच्या तुकड्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ हलला नाही.

माझ्या मते हा सूटी टर्न किंवा ब्रायडल्ड टर्न आहे (टर्न म्हणजे सुरय). दोन्ही खुल्या समुद्रावरचे पक्षी. रत्नागिरीचा किनारा सोलापूरपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे ही नोंद साधी नाही याची मला जाणीव आहे. छायाचित्रे आहेत, पण बहुतेक उजेडाच्या विरुद्ध दिशेने घेतलेली आहेत. दोन प्रश्न आहेत. या दोघांपैकी नेमका कोणता हे कशावरून ठरवावे? आणि मला न ओळखणाऱ्या माणसालाही पुढे कधी पडताळून पाहता येईल, अशी नोंद करायची तर तिच्यात काय काय असावे?

माळरान
अभिनंदन, आणि आधी एक विनंती. या क्षणी पक्षी ओळखण्याचे पुस्तक बंद ठेवा आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून काढा. वेळ, उजेडाची दिशा, अंदाजे अंतर, दुर्बिणीची ताकद, पक्षी किती वेळ दिसला, आणि कोणता भाग नीट दिसला नाही हेसुद्धा. पुस्तकातले चित्र एकदा पाहिले की डोळ्यांनी पाहिलेले आणि चित्रातले यांची सरमिसळ होते आणि मग ती वेगळी करता येत नाही.

पाणवठा
मला शंका आहे, आणि ती मोकळेपणाने मांडतो. हिवाळी पिसाऱ्यातला व्हिस्कर्ड टर्न आपल्याकडे उजनीवर मोठ्या संख्येने असतो. त्याचेही कपाळ पांढरे असते, डोळ्यापासून मागे काळा पट्टा असतो आणि चोच काळपट असते. त्याची पाठ खरे तर फिकट राखाडी. परंतु उजेड समोरून असेल तर तीच पाठ काळी दिसते. उजेडाविरुद्धच्या छायाचित्रांवरून समुद्री पक्षी जाहीर करण्याआधी हा पर्याय पूर्णपणे बाद झाला पाहिजे.

भीमाकाठ
शंका रास्त आहे. एका छायाचित्रात हा पक्षी आणि नदी सुरय शेजारी शेजारी उडताना आले आहेत. हा नदी सुरयापेक्षा किंचित लहान, पण फार लहान नाही. पंख लांब आणि टोकदार आहेत.

पाणवठा
मग माझी शंका बरीच कमी झाली. नदी सुरय सुमारे 40 सेंटिमीटरचा असतो आणि व्हिस्कर्ड टर्न 25 च्या आसपास, म्हणजे हा फरक एका चौकटीत लपून राहणार नाही. शिवाय व्हिस्कर्डची शेपटी अगदी थोडी दुभंगलेली असते. ते छायाचित्र जपून ठेवा. सगळ्यांत ते सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र आहे, मग त्यात रंग दिसो वा न दिसो.

नान्नजकर
काळ्या पोटाच्या सुरयाचा विचार केला का? तो नदीकाठचाच पक्षी आहे.

माळरान
तो इथे बसत नाही. त्याची चोच पिवळी-नारिंगी असते, प्रजननकाळात पोट काळे होते आणि पाठ तर कायम राखाडीच. भीमाकाठ यांनी काळी चोच आणि शुभ्र पोट लिहिले आहे.

लाटांवरून
मी सिंधुदुर्गातला आहे, त्यामुळे ब्रायडल्ड टर्न मला होडीतून बऱ्याचदा पाहायला मिळतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर त्यांची वीण होते. एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी त्या बेटांना भेट दिली होती, आणि तेव्हापासून ही वसाहत अभ्यासकांना ठाऊक आहे. सूटी टर्नची वीण आपल्या बाजूला लक्षद्वीपच्या पक्षी पिट्टी या बेटावर होते.

दोघांतला फरक सांगतो. कपाळाची पांढरी खूण सूटी टर्नमध्ये रुंद आणि आखूड असते. ती डोळ्यापाशी संपते. ब्रायडल्डमध्ये ती अरुंद असते आणि भुवईसारखी डोळ्याच्या मागे जाते. दुसरे म्हणजे पाठ. सूटीचा माथा, मान आणि पाठ सलग काळी असते, कुठे सांधा दिसत नाही. ब्रायडल्डची पाठ करडी-तपकिरी असते आणि काळा माथा व पाठ यांच्या मध्ये मानेवर फिकट पट्टा असतो. तिसरे, पंखाखालची बाजू. सूटीत पांढरे अस्तर आणि काळी उड्डाणपिसे यांच्यातली रेघ ठळक असते, ब्रायडल्डमध्ये ती विरत जाते. ब्रायडल्डच्या शेपटीच्या कडांना पांढरा रंगही अधिक असतो.

ही सगळी वर्णने प्रौढ पक्ष्याची आहेत. सूटी टर्नचे अल्पवयीन पक्षी जवळजवळ पूर्ण काळसर असतात आणि त्यांच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात. तुमच्या पक्ष्याचे पोट शुभ्र आहे, म्हणून ती शक्यता सोडून देता येते.

तो तरंगत्या वस्तूवर बसला हे वाचून माझा कल ब्रायडल्डकडे झुकला. समुद्रात वाहत आलेल्या फळ्या, ओंडके, जाळ्यांचे तुकडे यांवर तो आवर्जून बसतो. सूटी टर्न वीण सोडून इतर काळ जवळजवळ सगळा हवेतच काढतो आणि पाण्यावर सहसा उतरत नाही.

पाणवठा
शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. वाऱ्याने शेकडो किलोमीटर ढकलत आणलेला पक्षी दमलेला असतो, आणि दमलेला पक्षी जिथे टेकायला मिळेल तिथे टेकतो. वागणुकीवरून ओळख ठरवायची तर पक्षी नेहमीच्या स्थितीत हवा. तुमचे बाकीचे सगळे मुद्दे पिसाऱ्याचे आहेत आणि ते मला मान्य आहेत.

लाटांवरून
मान्य. कल म्हटले, पुरावा म्हटले नाही. पिसाऱ्यावरच ठरू द्या.

ढगांची वही
हवामानाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण समुद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अरबी समुद्रच येतो. अंतराने तो जवळ आहे खरा, पण सोलापूरकडे येणाऱ्या वाऱ्यांचा विचार केला तर पूर्वेची बाजू विसरून चालणार नाही. ऑक्टोबर 2020 आठवा. 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणवरून पश्चिमेकडे सरकले आणि 14 तारखेला आपल्या जिल्ह्यावर कोसळले. भीमेला आलेला तो पूर इथे कुणी विसरलेले नाही. काकीनाडा सोलापूरपासून सुमारे पावणेसातशे किलोमीटर आहे, आणि ती प्रणाली एका दिवसात आपल्यापर्यंत पोहोचली होती.

उत्तर गोलार्धात अशा प्रणालीभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. प्रणाली पश्चिमेकडे सरकत असेल तर तिच्या उत्तरेच्या भागात वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, आणि पक्षी त्यांच्याबरोबर आत ढकलले जातात. काही पक्षी मध्यभागाच्या शांत हवेत अडकून प्रणालीबरोबरच प्रवास करतात असेही मानले जाते. मे 2020 मधल्या अम्फान चक्रीवादळानंतर पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या परिसरात खुल्या समुद्रावरचे पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून नोंदीत हवामान विभागाने दिलेला त्या प्रणालीचा मार्ग, सोलापूरवरून ती गेल्याची वेळ आणि त्या दिवसांतली वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. मात्र हे सर्व वेगळ्या परिच्छेदात असू द्या. वादळ आले होते म्हणून तो समुद्री पक्षी होता, असा उलटा तर्क कुणी करू नये.

माळरान
शेवटचे वाक्य लाख मोलाचे आहे. ओळख पक्ष्यावरून पटली पाहिजे. वादळ फक्त तो इथे कसा आला असेल हे सांगते.

जुनी दुर्बीण
तीस-पस्तीस वर्षांपासून सोलापूर जिल्ह्यात पक्षी पाहतो आहे. मोठ्या वादळानंतर उजनीवर किंवा हिप्परग्यावर "काळा मोठा सुरय" दिसल्याच्या गोष्टी मी या काळात अनेकांकडून ऐकल्या आहेत. सांगणारी माणसे विश्वासू होती, कसलेली होती. परंतु त्यांच्यापैकी एकाचीही तारीख, जागा, वर्णन आज कुणाकडे नाही. "पाहिला होता म्हणे" एवढेच उरले आहे, आणि एवढ्यावर जिल्ह्याच्या पक्षीसूचीत एक ओळही लिहिता येत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतल्या काही गोष्टी नक्की खऱ्या असणार. म्हणून भीमाकाठ यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. नाव चुकले तर पुढचा माणूस दुरुस्त करील. पुरावाच ठेवला नाही तर दुरुस्त करायलाही काही राहणार नाही.

बार्शीची शिक्षिका
जुनी दुर्बीण काका, त्या काळच्या वह्या कुणाच्या घरी असतील का? आमच्या शाळेतली मुले पक्षी निरीक्षणाला येतात. जुन्या वह्यांतल्या नोंदी टंकलिखित करण्याचे काम त्यांना आनंदाने देता येईल.

जुनी दुर्बीण
माझ्या स्वतःच्या वह्या आहेत आणि त्या मी देईन. इतरांच्या घरी विचारतो. बहुतेक ठिकाणी वडिलांच्या कागदपत्रांबरोबर त्या रद्दीत गेल्या असाव्यात, तरी विचारतो.

टिपण
छायाचित्रांबद्दल लिहितो. कॅमेऱ्यातल्या मूळ फायली, शक्य असल्यास रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातल्या, एकही न पुसता जपा. अस्पष्ट छायाचित्रेसुद्धा ठेवा. पंखाची खालची बाजू एखाद्या हललेल्या चौकटीतच नेमकी दिसते, हा अनेकांचा अनुभव आहे. उजेड वाढवून पाहायचे असेल तर प्रतीवर पाहा, आणि केवळ उजेड व कातरणी यांपुरतेच बदल करा. हल्ली फोनमध्ये आणि संगणकावर चित्र "सुधारून" देणारी जी साधने आली आहेत, ती इथे अजिबात वापरू नयेत. ती साधने नसलेली पिसे रंगवतात. कपाळाची पट्टी डोळ्यापाशी थांबते की मागे जाते, एवढ्या दोन-चार बिंदूंवर ही ओळख अवलंबून आहे, आणि तेच बिंदू यंत्राने भरलेले असतील तर छायाचित्राला पुरावा म्हणता येणार नाही.

आणखी एक. कॅमेऱ्याचे घड्याळ तपासा. त्यावर चुकीची वेळ असेल तर ती बदलू नका. आत्ता फोनवरच्या घड्याळाचे छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने काढा, म्हणजे दोन वेळांतला फरक कायमचा नोंदला जाईल.

अक्कलकोटकर
पक्षी अजून तिथे आहे का? मी आणि दोन मित्र उद्या पहाटे येऊ शकतो. भाड्याने होडी मिळाली तर जवळून स्वच्छ छायाचित्रे मिळतील आणि वाद मिटेल.

माळरान
कृपया होडी नको. उपाशी, दमलेल्या पक्ष्याला एकदा उठवले की त्याची उरलीसुरली ताकद खर्च होते. भिंतीवरून स्पॉटिंग स्कोपने (तिपाईवरच्या दुर्बिणीने) पाहा. तुम्ही जरूर या. वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे पाहून स्वतंत्रपणे लिहिलेली वर्णने नोंदीला फार बळ देतात. मात्र लिहून होईपर्यंत आपापसांत चर्चा करू नका.

अक्कलकोटकर
समजले. होडीचा विचार सोडला. स्कोप घेऊन येतो.

पशुवैद्य
तुम्ही तिथे जाणारच आहात म्हणून लिहितो. पक्षी काठावर पडलेला आढळला तर उघड्या हातांनी उचलू नका; हातमोजे किंवा जाड कापड वापरा आणि चेहऱ्यापासून दूर धरा, कारण सुरयाची चोच टोकदार असते आणि बर्ड फ्लूची शक्यताही गृहीत धरावी लागते. हवा जाईल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. दूध, पाव, भात यांपैकी काहीही देऊ नका, आणि घशात पाणी तर मुळीच ओतू नका. वन विभागाची 1926 ही मदतवाहिनी आहे, तिथे लगेच कळवा. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी आहे का तेही पाहा. असल्यास तिच्यावरची अक्षरे आणि अंक यांचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्या. हा पक्षी पूर्वेकडून आला की पश्चिमेकडून, या प्रश्नाला थेट उत्तर देऊ शकेल अशी ती एकच वस्तू आहे.

नान्नजकर
आणि मेलेला आढळला तर? घरी आणून शीतकपाटात ठेवावा का?

पशुवैद्य
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार वन्यपक्षी किंवा त्याचा कोणताही भाग परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. जागेवरच छायाचित्रे घ्या: पंख पसरून वरून व खालून, शेपटी उघडून, डोक्याची बाजू जवळून, आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवून. मग वनरक्षकांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्या आणि तो पुरून टाकण्याऐवजी एखाद्या संग्रहालयाकडे पाठवता येईल का, याबद्दल लेखी विनंती करा. मुंबईच्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) पक्ष्यांचा संग्रह मोठा आहे. तिथे पोहोचलेला नमुना पुढच्या पिढ्यांनाही मोजता येतो.

अक्कलकोटकर
आज पहाटेपासून आम्ही तिघे भिंतीवर होतो. पक्षी दिसला नाही. नदी सुरय, छोटे पाणकावळे, वारकरी (कूट पक्षी), बगळे एवढेच. काठावरून शक्य तेवढे चालून पाहिले, कुठे पडलेलाही आढळला नाही.

माळरान
ही यादीसुद्धा ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) भरा. त्या दिवशी शोधूनही पक्षी दिसला नाही, ही माहिती तितकीच मोलाची आहे. त्यावरूनच तो किती काळ थांबला याचा अंदाज येतो.

भीमाकाठ
अक्कलकोटकरांचे आभार. ते गेल्यावर दुपारी मी पुन्हा तलावावर गेलो आणि मासेमारांशी बोललो. त्यांच्यातल्या एका तरुणाने मी पाहिले त्याच सकाळी, जाळे ओढताना, थर्माकोलवर बसलेल्या पक्ष्याचा फोनवर व्हिडिओ काढला होता. "असला पक्षी आमच्या आजोबांनीपण बघितला नसंल," असे तो म्हणाला. त्याची होडी पक्ष्याच्या बरीच जवळ होती आणि ऊन त्याच्या पाठीमागून येत होते. मूळ फाइल त्याच्याच फोनमध्ये आहे; मी प्रत घेतली आहे आणि कोणताही बदल न करता इथे जोडतो.

पक्षी आधी पाठमोरा आहे, मग मान वळवतो. पाठ मला गडद करडी-तपकिरी दिसते आणि माथा तिच्यापेक्षा स्पष्टपणे काळा. मानेवर फिकट पट्टा आहे असे वाटते. पांढरी खूण डोळ्याच्या मागे जाते असेही वाटते, पण तुम्ही सर्वांनी पाहून सांगावे.

लाटांवरून
मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. माथा आणि पाठ यांतला फरक उन्हात निःसंशय दिसतो, मानेवरचा फिकट भाग दिसतो, आणि तो डोके वळवतो तेव्हा पांढरी भुवई डोळ्याच्या मागे गेलेली दोन चौकटींत स्पष्ट आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर बसलेले पक्षी असेच दिसतात. माझ्या मते हा प्रौढ ब्रायडल्ड टर्न आहे.

पाणवठा
भुवईबद्दल सहमत. पाठीच्या रंगाबद्दल मी सावध राहीन, कारण फोनचे कॅमेरे उजळ उन्हात काळा रंग फिका करतात, आणि झिजलेल्या पिसांचा सूटी टर्नही तपकिरी दिसू शकतो. मात्र माथा आणि पाठ एकाच उजेडात, एकाच चौकटीत आहेत आणि त्यांच्यात फरक आहे, हा मुद्दा मला खोडता येत नाही. मी ब्रायडल्ड मान्य करतो. भीमाकाठ यांच्या स्वतःच्या छायाचित्रांवरच थांबायचे असते, तर मी "सूटी किंवा ब्रायडल्ड टर्न" हाच पर्याय निवडायला सांगितले असते. ई-बर्डवर तो उपलब्ध आहे आणि तसे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

टिपण
व्हिडिओ आणि छायाचित्रे एकाच पक्ष्याची आहेत हे कसे दाखवणार? ई-बर्डवर नोंदी तपासणारे परीक्षक हा प्रश्न विचारतीलच.

भीमाकाठ
थर्माकोलचा तो तुकडा एका बाजूने तुटलेला आहे आणि त्याला निळी दोरी बांधलेली आहे. माझ्या दोन छायाचित्रांत आणि व्हिडिओत तोच तुकडा आहे. फोनवरची वेळ आणि माझ्या छायाचित्रांची वेळ यांत काही मिनिटांचेच अंतर आहे.

टिपण
उत्तम. हे वाक्य नोंदीत जसेच्या तसे घाला.

बार्शीची शिक्षिका
त्या मासेमार दादांचे नाव निरीक्षक म्हणून जावे असे मला वाटते. ओळख पटली ती त्यांच्या पुराव्यावर.

भीमाकाठ
मी त्यांना तसे विचारले आहे. त्यांनी घरी विचारून सांगतो म्हटले आहे. परवानगी मिळाल्यावरच नाव देईन, आणि तोवर "स्थानिक मासेमार, व्हिडिओ त्यांचा" असे लिहीन. ई-बर्डवर यादी आज भरली: ब्रायडल्ड टर्न, संख्या 1. पुस्तक उघडण्याआधी लिहिलेले वर्णन, व्हिस्कर्ड, काळ्या पोटाचा सुरय व सूटी हे पर्याय कशावरून बाद केले ते, आणि पाठीच्या रंगाबद्दल पाणवठा यांनी घेतलेला आक्षेपही त्यात आहे. हवामानाचा परिच्छेद वेगळा ठेवला आहे. परीक्षकांचे मत आले की इथे कळवीन, आणि नंतर 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकासाठी छोटे टिपण लिहिण्याचा विचार आहे. लाटांवरून आणि पाणवठा, तुम्ही दोघांनी मसुदा वाचावा अशी विनंती.

पाणवठा
जरूर वाचतो.

लाटांवरून
आनंदाने. एक सूचना: तो कोणत्या समुद्रातून आला, याबद्दल टिपणात निष्कर्ष काढू नका. वीण जवळची म्हणून वेंगुर्ला, आणि वारा पूर्वेचा म्हणून बंगालचा उपसागर, अशा दोन्ही शक्यता मांडा आणि तिथेच थांबा.

ढगांची वही
सहमत. आणि त्याच प्रणालीने आणखी पक्षी आत आणले असतील तर ते एकट्या हिप्परग्यावर उतरले असतील असे नाही. उजनी, संभाजी तलाव, बोरी धरण, जिल्ह्यातले इतर मोठे पाणवठे या दिवसांत कुणी पाहिले आहेत का?

करमाळा
उजनीच्या आमच्या बाजूला मी त्याच आठवड्यात दोनदा गेलो होतो आणि सुरयांच्या थव्यांची छायाचित्रे घेतली आहेत, पण ती एकेक करून तपासलेली नाहीत. आज रात्री बसतो. गडद पाठीचा एखादा पक्षी आढळला तर मूळ फाइलच इथे जोडतो, आणि काही आढळले नाही तरी दोन्ही दिवसांच्या याद्या भरतो.